आरसे उघडे ठेवा

गाडी चालवता येते का, या साध्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मला एकोणीस वर्षांत फक्त एकदा मिळालं. ते कोणी दिलं हे शेवटी येईलच. बाकी सगळ्यांना गाडी येते. लग्नात मिळालेल्या मोटरसायकलपलीकडे ज्यांनी काही हाकलेलं नाही त्यांना येते. ज्यांचं लायसन मेहुण्यानं काढून आणलं त्यांना येते. एका गृहस्थांनी तर मलाच उलट विचारलं होतं, “तुमाले येते काय?” आणि लगेच क्लच समजून ब्रेक दाबला होता.

मी अमरावतीत राजापेठेजवळच्या एका दुकानात काम करतो. दुकान नंदूभाऊंचं. त्यांच्याकडे सात-आठ व्हॅन आहेत आणि त्या ते भाड्यानं देतात. आम्ही ड्रायव्हर देत नाही, गाडी ज्यानं न्यायची त्यानंच चालवायची. अशा गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. लोकांना वाटतं ती हौसेनं रंगवलेली आहे. ती पाहिली की समजावं, आत बसलेला माणूस ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा चालवतो आहे, आणि जरा लांबून जावं.

माझं काम गाडी सोपवण्याचं. टायर, दिवे, आधीचे ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवायचे, कागदावर सही घ्यायची आणि मग त्याच्या बाजूला बसून एक चक्कर मारायची. राजापेठ, राजकमल चौक, तिथून इतवारा बाजाराच्या तोंडापर्यंत आणि परत. ही चक्कर मी सुरू केली. कोणी सांगितली नव्हती. पहिल्याच वर्षी एका बँकेतल्या साहेबांनी आमची व्हॅन दुकानातून बाहेर काढताना समोरच्या दुभाजकावर चढवली, तेव्हापासून.

त्या साहेबांची चूक समजून घेण्यासारखी होती. कारमध्ये तुम्ही बसता त्याच्या बऱ्याच पुढे चाकं असतात. आमच्या व्हॅनला पुढे नाक नाही. तुमच्या बुडाखालीच चाक. त्यामुळे कारवाल्याला वळायची घाई होते, तो कोपरा यायच्या आतच स्टिअरिंग फिरवतो आणि मागचं चाक फुटपाथवर, नाहीतर कोणाच्या तरी चपलेवर. व्हॅन उशिरा वळवायची असते. आधी पुढे जायचं, आपण स्वतः कोपरा ओलांडला असं वाटलं की मग फिरवायचं. एवढं एक वाक्य. ते मी रोज सांगतो, आणि रोज लोक मान हलवून लवकर वळतात.

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी होते. भाच्याच्या लग्नासाठी गाडी नेत होते. चक्कर सुरू झाली तशी त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला तो राजकमल चौकापर्यंत उचललाच नाही. मी म्हटलं, भाऊ, समोर म्हैस आहे, तिला वाचता येत नाही आणि हॉर्नही कळत नाही, ब्रेक लावा. ते म्हणाले, “हॉर्न वाजते का नाई ते पाहून राह्यलो.” चौकापर्यंत पाहिलं. चौकातून परत येतानाही पाहिलं. खात्री पटल्यावर गाडी घेऊन गेले.

दुसरे एक जण उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी बंद करत. डिझेल वाचतं म्हणे. गाडी बंद झाली की दोन-चारदा पाय मारल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, हे त्यांना पुलाच्या पायथ्याशी कळलं. पायथ्याशी भाजीची गाडी होती. माणसाला काही झालं नाही. वांगी मात्र मी स्वतः वेचली.

असे प्रकार सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. लोक हसतात. मला हल्ली हसू येत नाही, वैताग येतो. गावातल्या गर्दीत गाडी चालवायला फार अक्कल लागत नाही. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्यावर टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं, उशिरा वळायचं, आणि वळण्याआधी ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या आरशात पाहायचं. तीन गोष्टी. आमच्याकडची माणसं बी-बियाण्याची सतरा नावं तोंडपाठ म्हणतात, पण या तीन गोष्टी त्यांच्या डोक्यात टिकत नाहीत.

आता त्या कागदाविषयी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याची आहे.

मी पातूरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील आडतीच्या दुकानात पोती वाहत. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. मला बोट धरून ते बाजारातून नेत आणि प्रत्येक पाटी वाचायला लावत, अगदी ‘येथे थुंकू नये’सुद्धा. मी वाचली की ते आजूबाजूला पाहत, कोणी ऐकलं का म्हणून. छापील कागद आमच्याकडे जमिनीवर पडू देत नसत. भजी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडाही आई आधी मला वाचायला देई आणि मग चुलीत घाली. अकोल्याला वसतिगृहात राहून मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. ज्या शिक्षकांनी माझा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, ज्यांनी जुनी पुस्तकं दिली, त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. त्या पदवीवर सरकारी नोकरी मिळाली नाही ही गोष्ट वेगळी. नंदूभाऊंनी मला ठेवलं ते ‘शिकलेला माणूस पाह्यजे कागदपत्राले’ म्हणून. पहिल्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणतात, आणि आता सगळेच म्हणतात.

तर कागद. गाडी नेणाऱ्यासाठी नियमांचा एक कागद असावा अशी कल्पना माझीच. बसून चौदा नियम लिहिले, शुद्धलेखन तपासलं, छापून आणले. नेमका त्या महिन्यात इतवाऱ्याच्या गल्ल्यांमध्ये आमच्या तीन गाड्यांचे बाजूचे आरसे फुटले होते आणि नंदूभाऊ कावले होते. म्हणून मी पहिलाच नियम ठळक अक्षरांत घातला: ‘आरशांना इजा होऊ देऊ नये. आरसा फुटल्यास संपूर्ण जबाबदारी गाडी नेणाऱ्याची राहील.’ अंतर, वळण, वेग हे सगळं चौथ्या-पाचव्या नंबरला गेलं. नंदूभाऊंना फार आवडलं. म्हणाले, शिक्षण वाया जात नाही.

पुढे इतकी वर्षं मी एकच तक्रार करत आलो, की माझा कागद कोणी वाचत नाही. सही करतात, घडी घालतात, त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा बांधतात. मला मनापासून राग यायचा.

आणि मग वासुदेवभाऊ आले. त्यांनी वाचला.

वासुदेवभाऊ वलगावचे शेतकरी. पन्नाशीचे, अंगानं दणकट, बोलायला कमी. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची मुलगी प्रणाली आणि तिच्या पाच मैत्रिणी यांची एका सरकारी भरतीची लेखी परीक्षा होती, आणि सेंटर आलं होतं अकोल्याला. वलगावच्या एवढ्या सगळ्या मुलींना एका गाडीनं नेऊन आणायची जबाबदारी त्यांनी घेतली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “वीस वर्षं झाले ट्रॅक्टर चालवून राह्यलो, मास्तर. मागं ट्रॉली बी रायते. हे तं डबडं हाय.”

चक्कर मारली. खरं सांगायचं तर बऱ्यापैकी चालवली. ट्रॅक्टरवाल्यांची एक खोड असते, ते आरशात न पाहता मान वळवून मागे पाहतात, कारण नांगराकडे तसंच पाहावं लागतं. मी सांगितलं, भाऊ, इथं मान वळवलीत तर पुढचा जाईल, आरशात पाहा. त्यांनी ऐकलं. परत आल्यावर कागद दिला तर खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवून, बाकड्यावर बसून, त्यांनी चौदाही नियम वाचले. ओठ हलवत. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मुली आणि ते दुकानापाशी आले. मला त्याच दिवशी पातूरला आईकडे जायचं होतं. वासुदेवभाऊ म्हणाले, अकोल्यापर्यंत चला आमच्यातच. मी मागच्या सीटवर बसलो. प्रणाली पुढे, वडिलांच्या बाजूला. दुपारी साडेबाराला गेट बंद होणार होतं आणि त्यानंतर कोणालाही आत घेणार नव्हते. प्रवेशपत्रावरच तसं लिहिलेलं होतं. वेळ भरपूर होता. पण वासुदेवभाऊ हायवेवरही ट्रॅक्टरच्या वेगानं गेले, आणि मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तर मुलींपैकी दोघी देवळात जाऊन आल्या. अकोल्याच्या गर्दीत शिरलो तेव्हा बारा वाजायला आले होते.

त्या वेळी मी काय करत होतो हे सांगायला हवं. मी मुलींची उजळणी घेत होतो. राज्यशास्त्र माझा विषय, त्यामुळे राज्यसभेचे सदस्य किती, राज्यपालांना शपथ कोण देतं, असं विचारत होतो आणि मुली पटापट उत्तरं देत होत्या. एक चुकली की मी समजावून सांगत होतो. माझं सगळं लक्ष आत होतं. तोवरच्या सोळा वर्षांत रोज मी गाडीत बसून बाहेर पाहिलं, आणि त्या दिवशी नाही पाहिलं.

गर्दी वाढली तशी वासुदेवभाऊंनी खिडकीतून हात काढून आपल्या बाजूचा आरसा आत दुमडला आणि प्रणालीला म्हणाले, “तुया बाजूचा बी आत घे. लागन कोनाले तरी.” तिनं घेतला. हे मला नंतर कळलं. आमच्या भागात अर्ध्या रिक्षा आणि टेम्पो तसेच फिरतात, आरसे दुमडून. आरसा वाचवायचा म्हणून.

एका चौकात मेडिकलच्या कोपऱ्यावरून गाडी डावीकडे वळली. वळली तीही बरोबर उशिरा, मी शिकवल्यासारखी. मात्र डाव्या बाजूला, गाडी आणि फुटपाथ यांच्यामध्ये, एक स्कूटी होती. ती आरशात दिसली असती. आरसा काचेला चिकटून बसला होता. धडक मोठी नव्हती, नुसता ‘टप’ असा आवाज झाला आणि मग रस्त्यावर लोखंड घासल्याचा.

मी उतरलो तर एक बाई फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या, डावं मनगट उजव्या हातात धरून. मनगट ज्या बाजूला वळू नये त्या बाजूला वळलं होतं. स्कूटीजवळ त्यांची मुलगी एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाची सलवार गुडघ्यावर फाटून रक्तानं भिजली होती. तिच्या हातात प्लॅस्टिकची फाईल होती आणि फाईलमध्ये तेच प्रवेशपत्र, जे आमच्या सहा मुलींच्या हातात होतं.

अशा वेळी गर्दी जमायला मिनिट लागत नाही. ड्रायव्हरला खाली घ्या, असं चार जण म्हणत होते. वासुदेवभाऊ आपणहून उतरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, आरशाले काही झालं नाई. मी दोनी आत घेतले होते.”

मला वाटतं मी ओरडलो असेन. काहून घेतले आत, असं काहीतरी.

“तुमच्याच कागदावर लिवून हाय,” ते म्हणाले. “पयलाच नियम.”

एवढ्या वर्षांत माझा कागद प्रामाणिकपणे वाचणारा आणि पाळणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानं तो पाळल्यामुळे एका बाईचा हात मोडला.

चौकातला वाहतूक शिपाई आला. त्यानं फोटो काढले, लायसन पाहिलं, सगळ्यांचे नंबर लिहून घेतले. मागे गाड्यांची रांग लागली होती, म्हणून गाडी पुढे घ्या म्हणाला, पण चालवणाऱ्यानं बाईंबरोबर दवाखान्यात जायचं आणि नंतर ठाण्यात यायचं. ते बरोबरच होतं. म्हणजे गाडी मीच न्यायची. सेंटर दीड-एक किलोमीटरवर होतं. घड्याळात सव्वाबारा.

त्या बाईंचं नाव शोभाताई. अंगणवाडी चालवत होत्या. मुलगी अंकिता. अंकिता आईला सोडून जायला तयार नव्हती, रडत होती. शोभाताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही, रिक्षात चढता चढता म्हणाल्या, “पेपर काय माह्या हातानं लिहिनार हायेस? बस त्या गाडीत.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “भाऊ, माह्या पोरीले पोचवा.”

आमच्या मुलींनी सरकून तिला जागा केली. मी आधी दोन्ही आरसे उघडले.

पुढचा दीड किलोमीटर मी तुम्हाला पावलापावलानं सांगू शकेन. समोर लग्नाचं सामान घेऊन चाललेला टेम्पो होता, त्याच्या मागे मी. तो हलला की मी हलायचं. डाव्या आरशात सतत दुचाक्या घुसत होत्या. एक पाहून घेईपर्यंत दुसरी. एकदा तिला जाऊ द्यायचं, मग पुढे. साडेबारा वाजता बंद होणारं गेट डोक्यात ठेवून हे करणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी शिकलो. गिऱ्हाइकांना मी बाजूला बसून आरामात सांगत होतो, घाई करू नका.

अर्धा रस्ता झाला आणि सगळं थांबलं. पुढे काय झालं होतं दिसत नव्हतं. दुभाजकाच्या पलीकडची, समोरून येणाऱ्यांची बाजू मात्र जवळजवळ मोकळी होती. दुभाजक जिथे तुटलेला होता तिथून दुचाक्या आणि दोन रिक्षा पलीकडे शिरून उलट्या दिशेनं सुसाट जात होत्या. प्रणाली म्हणाली, “काका, आपनही घेऊ न तिकून. सारेच घेऊन राह्यले.” बाकीच्याही म्हणू लागल्या. एकीनं हात जोडले. अंकिता घड्याळ पाहत होती.

मी नाही घेतली.

बारा पंचवीस झाले. शाळेची कमान लांब दिसत होती. मी मुलींना म्हणालो, उतरा आणि पळा. सहाही जणी चपला हातात घेऊन पळत सुटल्या. अंकिता उतरली, तीन पावलं गेली आणि दारापाशीच खाली बसली. गुडघा सुजून टम्म झाला होता. मी दोन-तीन दुचाकीवाल्यांना हात केला, पण सगळ्यांच्या मागे कोणी ना कोणी परीक्षेला बसणारंच होतं. तिला परत सीटवर बसवलं. तेवढ्यात टेम्पो हलला.

आम्ही गेटपाशी पोचलो तेव्हा बारा तेहतीस झाले होते. गेट लागलं होतं. मी आतल्या माणसाला सगळं सांगितलं, अपघात सांगितला, मुलीचा गुडघा दाखवला. तो वाईट नव्हता. म्हणाला, “भाऊ, मले समजते. पन मी उघडलं तं माही नोकरी जाते.” गेटच्या बाहेर अशीच आणखी चार-पाच मुलं उभी होती; आमच्या सहा जणी त्यांत नव्हत्या, त्या आत गेल्या होत्या. अंकितानं गजाला धरलेला हात काढला आणि म्हणाली, “चला काका, आईकडे जाऊ.”

दवाखान्यात शोभाताईंच्या हाताला प्लॅस्टर चढत होतं. त्यांनी विचारलं, पोचली का. मी म्हणालो, नाही, तीन मिनिटं उशीर झाला. त्यांनी मोकळ्या हातानं अंकिताला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, “बाकीच्या?”

“बाकीच्या पोचल्या.”

“मंग बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि प्लॅस्टर करणाऱ्याला म्हणाल्या, आवळून बांधू नका, मुलांना खाऊ वाटायचा असतो.

वासुदेवभाऊ बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात माझा कागद घडी घालून ठेवलेला दिसत होता. ठाण्यातले जबाब, दवाखान्याचं सगळं त्यांनी कोणतीही खळखळ न करता केलं, पुढे दोन महिने जाऊन-येऊन केलं. पेपर सुटल्यावर मुलींना मीच परत आणलं, आईकडे मी त्या दिवशी गेलो नाही.

उलट्या बाजूनं गाडी घेतली असती तर अंकिता वेळेत पोचली असती. हे मला माहीत आहे आणि ते मी स्वतःपासून लपवत नाही. पुढे अनेकांनी सांगितलं, मास्तर, एवढ्यासाठी काय नियम पाळता. काहींनी सांगितलं, गाडी तिथंच टाकून मुलीला पाठीवर घेऊन पळायला हवं होतं. हे दुसरं मला खरंच सुचलं नाही, आणि त्याचं दुःख आहे. पहिल्याबद्दल मात्र मी स्वतःला एवढंच विचारतो: दहा-पंधरा मिनिटांपूर्वी बाजूला कोण आहे हे न पाहता गेलेल्या गाडीनं तिला पाडलं होतं, आणि मी तिलाच घेऊन तसाच जाणार होतो का? ती भरती पुन्हा निघायला तीन वर्षं लागली एवढं खरं.

अमरावतीला परत आल्यावर मी कागदाची नवी प्रत लिहिली. पहिला नियम: ‘गाडी चालू असताना दोन्ही आरसे उघडे ठेवावेत. फुटले तर फुटले.’ नंदूभाऊंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मास्तर, दुकान बंद कराचा विचार हाय काय?” मी म्हणालो, भाऊ, हा नियम राहील, नाहीतर मी राहणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी कागद छापायला पाठवला. ‘फुटले तर फुटले’ हे शुद्ध भाषेत बसत नाही असं छापखान्यातल्या माणसानं सुचवलं होतं. मी म्हणालो, तसंच राहू द्या.

आरसे फुटतात. इतवाऱ्यात तर फुटतातच. आणि नवीन कागदही कोणी वाचत नाही. त्यामुळे चक्कर मारताना मीच ओरडून सांगतो, आरसा उघडा, आरसा उघडा. लोक वैतागतात. गेल्या महिन्यात एकानं चौकातच आरसा दुमडला आणि म्हणाला, “मी काय तुमचं नुकसान करून राह्यलो काय? वाचवून राह्यलो न.” त्याला मी गाडी दिली नाही.

यंदा ती भरती पुन्हा निघाली. प्रणालीचं मागच्या वेळी थोडक्यात राहिलं होतं, त्यामुळे तीही पुन्हा बसली. सेंटर या वेळी अमरावतीलाच, गाडगेनगरकडे. परीक्षेच्या आदल्या दिवशी शोभाताई आणि अंकिता वलगावला वासुदेवभाऊंच्या घरी मुक्कामाला आल्या होत्या. मधल्या काळात त्यांचं येणं-जाणं सुरू झालं आहे हे मला माहीत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळे टेम्पोनं दुकानापाशी उतरले. शोभाताईंचं मनगट बरं झालं आहे, पण थोडं बाहेरच्या बाजूला राहिलं आहे. त्या हातात डबा धरून उभ्या होत्या.

वासुदेवभाऊंनी गाडी मागितली. मी रजिस्टर उघडलं आणि सवयीनं तोच प्रश्न विचारून बसलो. तोंडातून गेल्यावर मलाच कसंतरी वाटलं.

त्यांनी आधी शोभाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाई येत, मास्तर,” ते म्हणाले. “तुमी बाजूले बसा. शिकवा.”

मी दुकानाची किल्ली नंदूभाऊंकडे दिली आणि बसलो. राजापेठ, राजकमल, तिथून पुढे गर्दीतून गाडगेनगर. मुली मागे पुस्तक उघडून बसल्या होत्या. एकीनं मला काहीतरी विचारलं, मी म्हटलं, आत्ता नको, आत्ता मी बाहेर पाहतो आहे. वासुदेवभाऊ प्रत्येक वळणाआधी आरशात पाहत आणि ‘पाह्यलं’ असं मोठ्यानं म्हणत. मागून शोभाताई म्हणाल्या, “पुन्यांदा पाहा.” ते पुन्हा पाहत. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, एकानं डाव्या आरशाला धक्का दिला, तो हलला, फुटला नाही. वीस मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागली.

आम्ही पोचलो तेव्हा गेट अजून उघडलंच नव्हतं. बाहेर दोन-चार मुलं आणि एक चहावाला, एवढेच होते. अंकिता खाली उतरली, गेटच्या गजाला हात लावून आली आणि आईला म्हणाली, “बंद हाय. अजून उघडाचं हाय.” शोभाताईंनी डबा उघडून सगळ्यांना थोडा थोडा शिरा दिला, आधी वासुदेवभाऊंना.

मग वासुदेवभाऊंनी गाडी कडेला झाडाखाली लावली, उतरले, गाडीला वळसा घातला आणि दोन्ही आरसे सावकाश आत दुमडले.

उभ्या गाडीचे आरसे आत घ्यायला हरकत नसते.